दिवा गेलेलं बटण

चष्म्याच्या दुकानाच्या दाराशेजारी, खिळ्यावर, ती पाटी अजून लटकत होती. "या घरातला आजार दक्षिण विभागातून आला होता. दुकान पूर्ण सुरक्षित आहे." अक्षर धाकट्या दिराचं. पहिली ओळ ठसठशीत, दुसरी त्याहून ठसठशीत.

साथ ओसरून बरेच महिने झाले होते. गल्लीतले लोक पुन्हा एकमेकांच्या दारात उभे राहून गप्पा मारू लागले होते, मुलं पुन्हा रस्त्यात चेंडू आपटू लागली होती. पाटी मात्र कुणी काढली नव्हती. दीर म्हणायचा, "राहू दे की, काय खायला मागते का?" आणि ती, त्याची मोठी वहिनी, कामावरून घरी येताना रोज त्या पाटीसमोर क्षणभर थांबायची, ती वाचायची, आणि जिना चढून वरच्या मजल्यावरच्या आपल्या रिकाम्या घरात जायची.

पाटी उपटून फेकायला तिला एक हिसका पुरे होता. पण तिला ती स्वतःच्या हातानं काढायचीच नव्हती. ज्यानं लावली त्याच्या हातानं उतरवायची होती, आणि तीही गल्लीदेखत. ज्या पायरीवर उभं राहून त्यानं तिच्या नवऱ्याला आजार आणणारा ठरवलं, त्याच पायरीवरून त्यानं ते शब्द गिळले पाहिजेत. यापलीकडे तिला आयुष्याकडून काही नको होतं. देवाकडे मागायचं झालं तरी तिनं एवढंच मागितलं असतं.

घर दोन भावांचं. वर थोरला, खाली धाकटा. धाकट्याचं रस्त्याकडेला चष्म्याचं दुकान. थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या उंच इमारती सगळ्या दक्षिण विभागात, त्यामुळे रोज पिशवीत पाने-पक्कड घेऊन तिकडे जायचा. आणि ती स्वतः आरोग्य खात्याच्या आकड्यांच्या कार्यालयात. साथ आली तेव्हा रोज संध्याकाळी शहराचा नकाशा रंगवून बाहेर पाठवायचं काम तिच्याकडे होतं. ज्या विभागात रुग्ण जास्त तो गडद, जिथे कमी तो फिका, जिथे एकही नाही तो पांढरा. गल्लीनं तिचं नावच ठेवलं होतं, आकडेबाई.

दक्षिण विभाग कायम गडद असायचा. त्यांचा पूर्व विभाग कायम पांढरा.

त्याचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. दक्षिणेत मोठे कारखाने. कारखान्यांच्या फाटकावर आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात काडी घालून तपासणी व्हायची, ताप असो वा नसो. पूर्वेत तापानं फणफणलेला माणूस दवाखान्यात आला तरच तपासायचे, आणि तेवढ्यासाठी इथलं कुणी दवाखान्याची पायरी चढत नव्हतं. स्वयंपाकघरात एकदम दिवा लावला की ओट्यावर झुरळं पळताना दिसतात. शेजारच्या घरात कुणी दिवाच लावला नाही, तर तिथे झुरळं नाहीत असं थोडंच होतं? तिनं हे साहेबांना सांगितलं होतं. साहेबांनी मान डोलावली होती आणि नकाशाखाली बारीक अक्षरात एक ओळ घालायची परवानगी दिली होती. "प्रत्येक विभागात तपासण्यांचं प्रमाण वेगळं आहे, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करू नये."

ती ओळ कुणी वाचली नाही. दिवसभर गिऱ्हाइकांना तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावणाऱ्या तिच्या दिरानंसुद्धा नाही.

थोरल्याला ताप आला त्या दिवशी दिरानं तोच नकाशा मोबाइलवर उघडून गल्लीला दाखवला. पायरीवर उभा राहून म्हणाला, "हा बघा, आमच्या वहिनीच्याच कचेरीतला आहे. दक्षिणेत रोज ढिगानं, आपल्या पूर्वेत शून्य. आता माझा भाऊ रोज कुठे जातो ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

गल्लीला एवढं पुरलं. शिंपी म्हणाला, याला घरात ठेवू नका. समोरची मास्तरीण म्हणाली, आमच्या घरात म्हातारी आहे हो. थोरल्याला दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत, चष्म्याच्या फ्रेमांच्या खोक्यांमध्ये झोपवलं. पाणी दाराबाहेर ठेवायचे. मग दवाखान्याची गाडी आली, आणि गाडीतून तो गेला तो गेलाच.

ती तेव्हा घरी नव्हती. मोजणी थांबू नये म्हणून कार्यालयानं सगळ्यांना आतच मुक्कामाला ठेवलं होतं. तिला जे काय कळलं ते फोनवर. खोकत खोकत तो म्हणाला होता, "अगं, लिफ्टची कामं बंद होऊन महिना झाला. महिनाभर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. धाकट्याच्या मुंगीला पाढे शिकवत बसलो होतो. मी कुठून आणणार?"

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"सांगितलं. धाकटा म्हणतो, आधीचाच अंगात लपून बसला असेल." मग थोडं हसला. "तुझा नकाशा छान दिसतो गं. रंग चांगले घेतेस."

ते हसणं तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आणि भेटायला आलेल्या माणसांना दीर काय सांगत होता? "नशीब आमचं. एवढं घरात आलं, पण आमच्यापैकी कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही."

साधी शिंकसुद्धा आली नाही. हे वाक्य तिनं खाऊ जपून ठेवावा तसं जपून ठेवलं. दिराला वाटत होतं, शिंक नाही म्हणजे आजार नाही. तिला ठाऊक होतं की या विषाणूनं कित्येकांना गाठलं आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ना ताप, ना खोकला. ते आपले जेवत होते, हसत होते, गाणी म्हणत होते, आणि आजार शेजारच्याला देत होते.

हे घरात तिच्याखेरीज सगळ्यात आधी कुणाला समजलं असेल तर मुंगीला. दिराची नऊ वर्षांची पोर. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते म्हणून मोठ्या काकानं ठेवलेलं नाव. काका गेल्यावरही ती वर यायची आणि त्याच्या हत्यारांच्या पेटीतली लिफ्टची जुनी बटणं जमिनीवर मांडून बसायची.

"काकू, आजारी नसलेला माणूस आजार कसा देईल?" एका सुट्टीच्या दिवशी तिनं विचारलं. "बाई वर्गात म्हणाल्या, पण मला नाही कळलं."

काकू तिच्याजवळ खाली बसली. "बटण दाबलं की त्यात काय लागतं?"

"दिवा."

"आणि आतला दिवा गेला असेल तर?"

मुंगी विचारात पडली. मग काकाच्याच सुरात म्हणाली, "तरी लिफ्ट येतेच! काका सांगायचे, दिवा गेला म्हणजे लिफ्ट बंद असं समजून लोक दार उघडून डोकावतात आणि घोटाळा होतो."

"तसंच. ताप, खोकला म्हणजे बटणातला दिवा. काही माणसांचा दिवा लागतच नाही. आत लिफ्ट मात्र वर-खाली चाललेली असते."

"मग कळणार कसं?"

"रक्तावरून कळतं. आजार येऊन गेला असेल तर रक्तात खूण राहते."

मुंगीनं एक बटण खिशात टाकलं. जाता जाता, पोरं सांगतात तसं, सहज बोलून गेली. "शाळा बंद होती ना, तेव्हा आमचा गाण्याचा वर्ग चालू होता. खिडक्या लावून. बाबा मला मागच्या दारानं पाठवायचे. म्हणाले, आपल्याकडे शून्य आहे, काही होत नाही. पण कुणाला सांगू नकोस हं."

काकूनं ते ऐकलं आणि दिराच्या खात्यावर आणखी एक अपराध मांडला. दिरानंच आजार आणला, दुकान तर त्यानं मागच्या बाजूनं चालू ठेवलंच होतं, अशी तिची खात्री होती. आता फक्त त्याचं रक्त हवं होतं.

ते मिळायची वेळ आपण होऊन आली. किती जणांना नकळत आजार होऊन गेला हे शोधायला कार्यालयानं सगळ्या विभागांत रक्ताची पाहणी काढली. पद्धत सोपी. चिठ्ठी टाकून गल्ली निवडायची, गल्लीतल्या एका दारापासून सुरुवात करायची, आणि मग दर पाचवं घर घ्यायचं. त्यांच्या गल्लीची चिठ्ठी निघाली. पहिलं दार कुठलं धरायचं हेही चिठ्ठीनंच ठरवायचं असतं. चिठ्ठीत निघालं होतं मास्तरणीचं दार. तसं मोजलं तर त्यांचं घर सुटत होतं.

इतक्या वर्षांत तिनं एका आकड्याचीही लबाडी केली नव्हती. त्या सकाळी ती पथकाची प्रमुख म्हणून गल्लीच्या तोंडाशी आली, पथकातल्या परिचारिकेला म्हणाली, "सुरुवात शिंप्यापासून." आणि आवाज जराही हलला नाही.

पाचवं दार चष्म्याच्या दुकानाचं.

"वहिनी, हे काय नवीन?" दीर पायरीवर आला. "आम्हाला कशाला टोचता? आमच्या घरात कुणाला काही झालेलं नाही."

"म्हणूनच भावजी. तुमच्यासारख्यांचंच रक्त हवंय."

"मला नाही द्यायचं."

तोवर गल्ली जमली होतीच. टोचाटोची म्हटली की बघायला माणसं येतात. तिनं मुद्दाम आवाज चढवला. "पूर्वेत शून्य होतं ना? तुम्हीच तर इथे उभं राहून सगळ्यांना दाखवलंत. मग एवढ्याशा सुईला का घाबरता?"

शिंपी हसला. "द्या हो चष्मेवाले. मी दिलं, मेलो का?"

"लोकांच्या डोळ्यात टॉर्च मारताना बरं वाटतं," मास्तरीण म्हणाली. "आता स्वतःची पाळी आली तर तोंड पाडलं."

दिराची गोची झाली. त्यानं बाही वर केली. त्याच्यामागोमाग त्याच्या बायकोनं, आणि मग मुंगीनं, ओठ दाबून, न रडता. परिचारिकेनं आकडेबाईचंही रक्त घेतलं. घर एकच होतं.

निकाल आले त्या दिवशी तिनं आधी सगळ्या शहराचे पाहिले. दक्षिणेत दर तिघांमागे एकाला आजार येऊन गेला होता. आणि त्या पांढऱ्या, निर्मळ, शून्य पूर्वेत? दर चौघांमागे एकाला. खुर्चीत रेलून ती पोटभर हसली. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, "काय झालं बाई?" ती म्हणाली, "झुरळं निघाली."

मग तिनं आपलं घर उघडलं.

तिची स्वतःची खूण नव्हती, ती इथे नव्हतीच. जाऊबाईंची नव्हती. दिराची ओळ तिनं दोनदा वाचली, तीनदा वाचली. नव्हती. त्याच्या रक्ताला आजार कधी शिवलाच नव्हता.

मुंगीची होती.

पडद्यावरची ती ओळ बघत ती बसून राहिली. महिनाभर घरात बसलेला माणूस. त्याच्या मांडीला मांडी लावून पाढे म्हणणारी पोर. खिडक्या लावलेला गाण्याचा वर्ग. हिशेब आपोआप जुळत गेला. जे बाण तिनं दिरासाठी घासून ठेवले होते, त्यांच्या वाटेत ही उभी होती, खिशात बटण घेऊन.

पण ती आकड्यांत मुरलेली बाई होती, आणि हिशेब जरा जास्तच गोड जुळला की तिला शंका यायची. रक्त एवढंच सांगतं, की आजार येऊन गेला. कधी आला आणि कुणाकडून कुणाकडे गेला, हे रक्त सांगत नाही. दारावर सामान टाकणाऱ्या माणसाशी थोरला रोज दोन शब्द बोलायचा. आजार त्याच्याकडून थोरल्याकडे आणि थोरल्याकडून मुंगीकडे आला असेल, तर? किंवा दिराला आजार होऊन खूण पुसट झाली असेल, तर? तसंही होतं. वर्गाची शक्यता मोठी होती. पण शक्यताच होती. कार्यालयाच्या अहवालात हे तिनं खालच्या ओळीत, बारीक अक्षरात, प्रामाणिकपणे लिहिलं असतं.

घरी येताना ती पाटीसमोर थांबली. वाचली. आणि तिचं ठरलं.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दीर मऊ फडक्यानं एक भिंग पुसत होता. ती सरळ आत गेली आणि डोळे तपासायच्या खुर्चीत, तक्त्याकडे तोंड करून बसली.

"नंबर वाढला का वहिनी?"

"निकाल आलेत भावजी."

त्याचं फडकं थांबलं. "माझा?"

"तुमचा कोरा आहे. जाऊबाईंचाही."

त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघा! मी म्हणत नव्हतो? दादानं दक्षिणेतूनच..."

"मुंगीला येऊन गेलाय."

हसू तिथेच गोठलं.

"तुमचे दादा महिनाभर बाहेर पडले नव्हते. तुम्ही दोघं कोरे. राहिलं कोण? दादांच्या मांडीवर रोज कोण बसायचं? आणि मागच्या दारानं गाण्याच्या वर्गाला कोण जायचं, कुणी पाठवलं?" ती एकेक शब्द सावकाश ठेवत होती, मुलांना गणित शिकवताना ठेवावा तसा. "आपल्याकडे शून्य आहे, काही होत नाही, असं कोण म्हणालं?"

तो स्टुलावर बसला. भिंग त्याच्या हातात तसंच होतं. "वहिनी, ती लहान आहे हो."

"म्हणून तर तुमच्याकडे आले, गल्लीत नाही गेले."

"तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"सांगू नका. पाया पडतो. तिचा किती जीव होता दादावर. तिला कळलं तर ती..."

"तुमच्या दादांनाही जीव होता भावजी. त्यांना तुम्ही खोक्यांमध्ये झोपवलंत." ती उठली. "उद्या संध्याकाळी पायरीवर उभं राहायचं. पाटी काढायची. आणि सगळ्या गल्लीला सांगायचं, आजार मी आणला. मी. मुलीचं नाव नाही, वर्गाचं नाव नाही. दादानं आणला नव्हता, मी आणला, आणि त्याच्यावर ढकलला. कळलं?"

"लोक माझ्या तोंडावर थुंकतील."

"थुंकू देत."

"दुकान बसेल."

"बसू दे. नाहीतर मी वर जाऊन मुंगीला जवळ बसवते आणि रक्तातली खूण म्हणजे काय ते पुन्हा नीट समजावते. हुशार आहे. लगेच कळेल तिला."

मुंगीला ती कधीच सांगणार नव्हती. जीभ हासडली असती तरी नाही. पण हे दिराला ठाऊक नव्हतं, आणि तिला ते त्याला कळू द्यायचं नव्हतं.

भिंग खाली ठेवत तो म्हणाला, "पण वहिनी, हे नक्की ना? मुंगीमुळेच?"

आता त्याला खालची ओळ वाचायची होती. सामानवाला, पुसट खूण, रक्त दिशा सांगत नाही, सगळं तिच्या जिभेच्या टोकावर होतं. दोन वाक्यांत त्याच्या छातीवरचा धोंडा निम्मा हलका झाला असता. पायरीवर उभं राहून नकाशा दाखवताना त्यानं कुणाला ती ओळ वाचून दाखवली होती?

"नक्की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं केलं. पाटी काढताना खिळाही भिंतीतून निघून आला आणि चुन्याचा पोपडा पायरीवर पडला. गल्लीकडे वळून तो बोलला. "दादा महिनाभर घरातच होता. मी मागच्या बाजूनं दुकान चालू ठेवलं होतं. आजार मीच आणला. मला कळलं नाही. आणि मी त्याला..." मग मास्तरीण म्हणाली, "आम्हाला फसवलंत तुम्ही. आमच्या हातून त्या भल्या माणसाला बाहेर काढवलंत." शिंप्यानं जोरात दार लावून घेतलं. आपलाही त्यात हात होता हे त्या दोघांना किती चटकन विसरता आलं, हे तिनं जिन्याच्या दारातून पाहिलं. त्यांची पाळी आज नव्हती. आज ती फक्त दिराची खाली गेलेली मान बघत होती. डोळ्यांत साठवून घेत होती. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. बरं वाटलं. अगदी हवं तसं बरं वाटलं.

माणसं पांगली. ती जिना चढायला वळली तर दुसऱ्या पायरीवर मुंगी बसलेली. हातात बटण.

"काकू, बाबांना खोकला कुठे झाला होता? मग त्यांचा दिवा गेला होता का?"

"हो."

मुंगीनं बटणावर अंगठा फिरवला. "बाबांचाच ना? माझा नाही ना गेला होता? मीच बसायचे काकांजवळ."

खाली दारात दीर उभा होता. काढलेली पाटी त्यानं छातीशी धरली होती. त्यानं ऐकलं होतं. तो वर बघत होता, तिच्या तोंडाकडे.

तिनं त्याच्याकडे बघितलं. घाई केली नाही. महिनाभर घरात बसलेल्या माणसानं पत्र्याच्या खोलीत दाराबाहेरच्या पाण्याची किती वाट बघितली असेल, तेवढी वाट त्याला बघू दिली असती. पण पोरीचे डोळे भरायला लागले होते.

"छे गं," ती म्हणाली आणि मुंगीचं डोकं पोटाशी धरलं. "तुझा दिवा अगदी ठणठणीत आहे. जा, वर बटणं मांड, मी आलेच."

मुंगी धडधडत वर गेली. दीर दोन पायऱ्या चढून आला आणि हात जोडणार, तोच तिनं त्याच्या हातातली पाटी काढून घेतली.

"ही माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "वर, दारामागे. उलटी करून."

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पुन्हा एकदा सांगा. नक्की ना?"

"रोज विचारणार का भावजी?"

त्यानं मान खाली घातली.

"रोज विचारा," ती म्हणाली. "मी रोज सांगेन."